चार पावलं, दोन बोटं

हॉलचं कुलूप ती सकाळी सहाला उघडते. आत घामाचा, रबराचा आणि हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीचा वास कोंडलेला असतो. आधी तो बाहेर सोडायचा, मग दिवे, मग गाद्या. गाद्या निळ्या आहेत आणि दोघींनी उचलायच्या आहेत, म्हणून दोन्ही टोकांना कापडी पट्टे शिवलेत. ती एकटीच ओढते. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज मोठा होतो, कुणीतरी कुणाला फरफटत नेल्यासारखा.

मुलींच्या शाळेत ती बावीस वर्षं मदतनीस आहे. जिम्नॅस्टिक्सचा संघ तिला फळी मावशी म्हणतो. उडीच्या प्रकारात मुलगी लांबून धावत येते, स्प्रिंगच्या फळीवर दोन्ही पाय आपटून उसळते, टेबलावर हात टेकते आणि हातांवरून हवेत जाऊन पलीकडे पायांवर उतरते. टेबल म्हणतात खरं, पण ते गादी गुंडाळलेलं आणि पुढे उतरतं असतं, एखाद्या जनावराच्या मानेसारखं. धावेपासून उतरण्यापर्यंत सहा-सात सेकंद. ही फळी टेबलापासून किती लांब ठेवायची हे प्रत्येक मुलीचं वेगळं. ते अंतर लावणं हे तिचं काम.

सगळ्या शाळांत मापपट्टी लावतात. ती पावलांनी मोजते. टेबलाच्या पायाला टाच टेकवायची, तिच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच, असं मागे मागे यायचं. उरलेलं बोटांनी नाहीतर वितीने. संघाच्या कोच मॅडमनी पहिले काही दिवस तिच्यामागून पट्टी लावून पाहिली होती. केसाचाही फरक निघाला नाही, तेव्हा पट्टी कपाटात गेली. तरीही धावण्याआधी प्रत्येक मुलगी फळीपर्यंत येऊन एकदा बघून जाते. फक्त दोघी येत नाहीत. एक तिची लेक, दुसरी तिची भाची. घरच्या माणसाने वाढलेलं ताट कोण तपासतं?

लेकीचं माप चार पावलं, दोन बोटं. भाचीचं चार पावलं, एक वीत.

फरक एवढाच. पण ती वीत तिला फार जुन्या काळापासून डसत होती.

मावशी आणि भाचीची आई, या दोघी बहिणी. ही थोरली, ताई, धाकटी छोटी. दोघी याच हॉलमध्ये शिकल्या. ताई आधी संघात आली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला, म्हणजे उडी मारण्याचा पहिला क्रमांक. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगी पहिली आली. तिनेही कुणाला समजावून सांगितलं नाही. खरी गोष्ट अशी की पहिलीला परीक्षक हात आखडून गुण देतात. पुढच्या मुली काय करतील ते ठाऊक नसतं, म्हणून वर जागा राखून ठेवतात. शेवटच्या मुलीपर्यंत हात सैल होतो. त्यामुळे प्रत्येक शाळा कच्ची मुलगी आधी पाठवते आणि पक्की शेवटी. पाच जणी उड्या मारतात, संघाच्या बेरजेत चौघींचे गुण धरतात आणि सर्वांत कमी गुण सोडून देतात. ताईने तीन वर्षं संघासाठी उड्या मारल्या. तीन वर्षांत तिचा एकही गुण बेरजेत गेला नाही.

तिसऱ्या वर्षी छोटी संघात आली. आल्या आल्या शेवटी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई गमतीने म्हणायची, आणि सगळे गमतीने हसायचे. सराव संपला की दोघी मिळून गादी उचलायच्या, एक टोक हिचं, एक तिचं. छोटी उलटी चालायची, कारण तिला मागे न बघता चालता यायचं. ताईला तेही जमत नव्हतं.

पुढे छोटी दातांची डॉक्टर झाली. ताईने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मितभाषी माणसाशी लग्न केलं आणि हॉलमध्ये नोकरी धरली. मुली झाल्या, दोघींना एकाच वर्षी. दोघी याच शाळेत आल्या. दोघी संघात.

लेकीला मुली खिळा म्हणतात. उडी मारताना ती काही फार उंच जात नाही, पण उतरते ती ठोकल्यासारखी, जागची हलत नाही. भाची म्हणजे भिंगरी. हवेत गेली की ती खाली येणार आहे हे आपणच विसरतो. आणि पडली की हसते. हे हसणं मावशीला सगळ्यांत जास्त खुपायचं. तिची लेक पडली की ओठ दाबून उठायची, गुडघ्याला पट्टी लावायची, पुन्हा धावायच्या जागेवर जायची. तिचं पडणं दिसायचं. भिंगरीचं पडणं दिसतच नव्हतं, हसण्याखाली झाकून जायचं.

भिंगरी मावशीच्या डब्यातलं खायची आणि वर म्हणायची, "आईपेक्षा तुझ्याच हातचं छान." मावशीला त्याचाही राग यायचा. ते खरं होतं आणि तरी कशालाच पुरत नव्हतं.

यंदा स्पर्धेच्या महिनाभर आधी मावशीची अक्कलदाढ दुखायला लागली. छोटीने दवाखान्यात बोलावून घेतलं. खुर्ची मागे झाली, दिवा तोंडावर आला, गालात कापूस, जीभ बधिर. आणि वरून मास्कआडून छोटी बोलू लागली.

"ताई, यंदा शाळेतून एकीलाच पुढे पाठवणार ना, वरच्या स्पर्धेला?"

"अं."

"मॅडम म्हणत होत्या, भिंगरीचं बरंचसं पक्कं आहे. आ कर. अजून. तुझी पण छान करते हं! उतरते किती छान!"

"अं."

"तुझ्या हाताखाली आहे म्हणून मला काळजी नाही बघ. दुखतंय का?"

तिने मान हलवली. नाही. दाढ मुळासकट निघाली, रक्ताने माखलेली, अपेक्षेपेक्षा मोठी. छोटी ती उजेडात धरून म्हणाली, "बघ, केवढी होती!" मग पाठीवर थाप मारून तिने तिला भावजींसाठीही दोन ब्रश दिले.

घरी ती आरशासमोर उभी राहिली. एक गाल सुजलेला. उतरते किती छान. पडून गेलेल्या घराच्या दाराचं कौतुक करावं तसं. त्याच आठवड्यात ती कोच मॅडमकडे गेली.

"मॅडम, या वेळी माझीला शेवटी पाठवा ना."

खिळा नेहमी चौथी उडी मारायची, भिंगरी पाचवी. वर्षानुवर्षं तोच क्रम.

"का हो?"

"सहज. शेवटी पक्कं उतरणारी बरी."

"आणि भिंगरी?"

"तिला कुठेही ठेवा. तिचं कुठेही सोनंच होतं."

मॅडम हसल्या. "मावशी, हे कौतुक आहे की तक्रार?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि तीही हसली. मॅडमनी यादीवर दोन बाण काढले. बावीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मॅडमना नाही म्हणायचं कारण सापडलं नाही.

तिला वाटलं होतं, भिंगरी निदान तोंड वाकडं करेल. भिंगरीने खिळ्याच्या गळ्यात हात टाकला. "बरं झालं बाई! माझं आधी संपेल, मग मी तुला ओरडून ओरडून उडवते."

"तू ओरडू नकोस," खिळा म्हणाली. "मला हसू येतं."

तेही फुकट गेलं.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. तिथली गादी हिरवी, टेबल लाल, छत फार उंच. पालक पायऱ्यांवर बसले होते. छोटी दवाखान्यातून तशीच आली होती, मास्क हनुवटीखाली लोंबत होता. तिने हात हलवला. ताईने हलवला. प्रत्येक शाळेच्या एका मदतनिसाला आत उभं राहायची परवानगी होती. तिने चपला काढून कडेला ठेवल्या आणि अनवाणी टेबलापाशी गेली. बाकीच्या शाळांचे मदतनीस मापपट्ट्या घेऊन उभे होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. "बघ, पायाने मोजतायत."

"मोजू दे. आपली पट्टी तरी कुठे सरळ आहे?"

पहिली मुलगी गेली. दुसरी गेली. तिसरी टेबलावर जरा सरकली, पण सावरली. मावशीच्या हातांना आता कुणाचीच गरज नव्हती. तिसरीची फळी काढायची, चौथीची लावायची. पावलं आपोआप मागे आली. चार. मग वाकून बोटं. दोन. फळी सरकवली, टाचेने दाबून पाहिली, बाजूला झाली.

मान वर केली तेव्हा धावेच्या टोकाला भिंगरी उभी होती.

एवढंच झालं. हात चुकले. चौथी म्हणजे खिळा, हे हातांना इतक्या वर्षांचं पाठ होतं, आणि क्रम तर तिनेच बदलून घेतला होता. इथवर ती चूक होती, कुणाचीही होऊ शकेल अशी. पण डोळे चुकले नव्हते. तिने पाहिलं, आणि तिला कळलं. भिंगरीने अजून परीक्षकांकडे हात वर केलेला नव्हता. ती तळव्यांवरची भुकटी फुंकत होती. फळीकडे बघायला ती येणार नव्हती. मावशीने लावली होती. "थांब" एवढं एक वाक्य पुरलं असतं. एक शब्दच. फळी सरकवायची, परीक्षक घड्याळाकडे बघतील, कुणीतरी हसेल, झालं.

ती हलली नाही आणि तिने थांबवलंही नाही. तिने श्वास मोजले. पुढे कितीतरी दिवस तिला तो आकडा आठवत राहिला. चार. चौथ्या श्वासाला भिंगरीचा हात वर गेला.

धाव नेहमीसारखीच आली, हलकी, जवळ येताना वाढत गेलेली. शेवटच्या पावलाला भिंगरीच्या चेहऱ्यावर काहीतरी पुसल्यासारखं झालं. फळी जिथे असायला हवी तिथे नव्हती, पुढे होती. तिने पाय लांबवले. फळीची नुसती मागची कड सापडली. उसळी अर्धवट. हात टेबलावर उशिरा टेकले, शरीर वर गेलं पण नेहमीचं नाही, आणि ती पलीकडे उतरली ती वाकून, दोन पावलं मागे, एक हात गादीला टेकून. मग सरळ झाली, परीक्षकांकडे बघून हात वर केले. आणि हसली.

पायऱ्यांवर छोटी उभी राहिली होती. लागलं नाही हे बघून बसली.

मावशीच्या छातीतून जे बाहेर पडलं तो सुटकेचा श्वास होता. पण कसली सुटका? पोरगी वाचली याची, की उडी बिघडली याची? दोन्ही एकाच श्वासात होतं, वेगळं काढता येत नव्हतं.

फलकावर आकडा आला. आठ पूर्णांक सात. भिंगरीला इतके कमी गुण कधीच मिळाले नव्हते.

आता शेवटची, खिळा. फळी तिच्याच मापावर होती. पण लोक बघत होते. म्हणून मावशीने टेबलाला टाच लावली, चार पावलं मागे आली, वाकली, दोन बोटं टेकवली, फळीला हात लावला आणि उठली. फळी तसूभर हलली नाही.

खिळ्याने उडी मारली. उंच नाही, पण स्वच्छ. उतरली ती ठोकल्यासारखी. मग भिंगरीचं ओरडणं आलं, सगळ्यांच्या वर.

आठ पूर्णांक पंचाहत्तर.

शाळेतून सर्वांत जास्त गुणांच्या एकीलाच पुढे जायचं होतं. ती एक खिळा होती. मॅडम धावत आल्या, मुलींनी खिळ्याला घेरलं. मावशी चपला घालायचं विसरून बाकापाशी गेली आणि तिने हात पसरले. तिच्या लेखी आयुष्यात बेरजेत धरलेला हा पहिला आकडा होता.

खिळा मिठीत आली नाही. ती हातावरची भुकटी टॉवेलने पुसत होती, एकेक बोट, फार सावकाश.

"आई, फळी हलली नाही."

"काय?"

"माझ्या वेळी. तू मोजलीस, पण ती हललीच नाही. मी तिकडून बघत होते."

"बघायला येत नाहीस कधी," ती म्हणाली, "आज बरं बघितलंस."

खिळ्याने तिच्याकडे पाहिलं. ही नजर बापाची होती. तो असाच बिघडलेल्या लिफ्टकडे बघतो, न बोलता, काय तुटलंय ते आधी डोळ्यांनी शोधत.

"ती माझ्या मापाला धावली," खिळा म्हणाली. "तू सांगतेस, की मी सांगू?"

परीक्षकांचं टेबल वीस पावलांवर होतं. तिच्या पावलांनी कदाचित जास्त. मुख्य परीक्षक चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एक वयस्क बाई होत्या. मावशीने सांगितलं. फळी चुकीच्या मापावर लागली, माझ्या हातून; चौथ्या मुलीला पुन्हा उडी द्यावी. मॅडमच्या तोंडाचा रंग उतरला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, नियमांची वही उघडली नाही, त्यांना पाठ होती.

"धावण्याआधी फळी तपासणं मुलीचं काम आहे. तिने हात वर केला म्हणजे सगळं तिला मान्य आहे."

"ती तपासत नाही. माझ्यावर..."

"धावताना शंका आली असती तर तिने फळीला पाय न लावता थांबायचं होतं. एकदा माफ असतं. तुमच्या लक्षात कधी आलं?"

प्रश्न साधा होता. बाई लिहायला पेन घेऊन बसल्या होत्या. मागे मॅडम उभ्या होत्या, आणि आता छोटीही खाली येऊन पोचली होती, आणि छोटीच्या मागे भिंगरी.

"नंतर," ती म्हणाली. "उडी झाल्यावर."

"मग काही करता येणार नाही. निकाल तोच राहील."

म्हणजे ती बोलली तेही वाया गेलं, आणि जे बोलायचं होतं ते राहिलंच. हाताची चूक तिने कबूल केली. डोळ्यांची नाही.

छोटीने तिचा दंड धरला. "अगं ताई, होतं असं! एवढं काय मनाला लावून घेतेस? तू स्वतः जाऊन सांगितलंस. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती."

"खरंच मावशी," भिंगरी म्हणाली. "मीच बघायला हवं होतं. आळशी आहे मी." आणि खिळ्याला म्हणाली, "आता तिकडे जाऊन पडू नकोस म्हणजे झालं. माझी जागा आहे ती, जपून वापर."

सगळ्या हसल्या. खिळा हसली नाही.

मावशी उभी होती. तिला वाटलं होतं, सांगितलं की पोटातलं कमी होईल. झालं उलटंच. माफ करायचा मोठेपणासुद्धा छोटीच्याच वाट्याला गेला, आणि तो तिला इतका सहज जमला, उलटं चालण्यासारखा. ताईला त्या क्षणी सगळ्यात जास्त हेवा कशाचा वाटला असेल तर याचा. पोरीच्या गुणांचा नाही, दवाखान्याचा नाही. ज्याला काही लपवायचं नाही अशा माणसाचा चेहरा कसा असतो, त्याचा.

त्या दिवशी घरी खिळा जेवली, दप्तर भरलं. वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"निवड झाली," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही."

ते तिच्याकडे आणि मग बायकोकडे बघत राहिले.

सोमवारी ती नेहमीप्रमाणे सहाला हॉलमध्ये आली. वास बाहेर सोडला, दिवे लावले. फळी टेबलापाशी नेऊन ठेवली आणि चपला काढल्या. मुली आल्या. पहिल्या तिघींच्या फळ्या तिने लावल्या. त्या येऊन बघून गेल्या, नेहमीसारख्या. मग तिने पाऊल टेबलाला लावलं.

"मावशी, राहू दे," भिंगरी म्हणाली. आवाजात काहीही नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. "मॅडमनी सांगितलंय, आम्ही दोघींनी आपलं आपण लावायचं."

मॅडम खिडकीपाशी होत्या आणि वहीत बघत होत्या.

खिळा कपाटापाशी गेली. गोळ्यांच्या डबीएवढी ती मापपट्टी तिने खालच्या कप्प्यातून काढली, फुंकरीने धूळ उडवली. एक टोक तिने स्वतः टेबलाच्या पायाला धरलं. दुसरं भिंगरीने ओढत नेलं. भिंगरी उलटी चालत होती, मागे न बघता.

"किती?" खिळ्याने विचारलं.

"तुझं अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, मॅडमनी काढून दिलंय."

"आणि तुझं?"

"थांब ना, आधी तुझं तर लाव."

अठ्ठ्याण्णव. तिच्या लेकीचं माप कुणीतरी आकड्यात सांगताना तिने पहिल्यांदाच ऐकलं. ती अनवाणी उभी होती, आणि दोघी मुली गुडघ्यांवर बसून पट्टीवर डोकी जवळ आणून काहीतरी वाचत होत्या. खिळा हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. कशाला हसली ते इथून ऐकू आलं नाही.

"मावशी," मॅडमनी वहीतून मान वर न करता हाक मारली, "उतरायच्या बाजूला अजून एक गादी टाका. कुणाला तरी टोक धरायला घ्या, एकट्या ओढू नका."

"हो," ती म्हणाली.

तिने कुणालाच बोलावलं नाही. पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागली. अर्ध्या वाटेत गादी हलकी झाली. तिने वळून पाहिलं. दुसऱ्या टोकाला भिंगरी होती.

"उचल," भिंगरी म्हणाली. "मी धरलंय."

तिला सोडून द्यावंसं वाटलं. तिने सोडलं नाही. दोघींनी गादी नेऊन ठेवली.